जळगावचं मेंदूचं हॉस्पिटल : चार स्टार देतोय, पाचवा का नाही ते सगळं वाचा

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि ज्यांनी आप्पांना परत आणलं त्यांचं नाव खराब करायची माझी इच्छा नाही. पण लिहायचं तर आहेच, कारण आमच्यावर वेळ आली तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे एकोणीस दिवस वाचले असते. लांब होईल, चहा घेऊन बसा.

मी सावद्याचा, छोटंसं कृषी केंद्र आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, वय 63, चार हजार खोडं केळी एकट्याच्या जिवावर सांभाळणारा माणूस. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीसच्या वर तापमान होतं, रावेर भुसावळकडचा उन्हाळा ज्याने बघितलाय त्याला सांगायची गरज नाही, दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. अशात एका रात्री आप्पांना झोपेत झटका आला, दात आवळले, हात ताठ, तोंडाला फेस, माय ओरडली म्हणून मी वरच्या खोलीतून धावत आलो. सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, 121, खूपच खाली. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, घामावाटे मीठ गेलं, सलाइन लावू. आम्हालापण पटलं, न पटायला काय झालं, त्या आठवड्यात तिथं निम्मे पेशंट उन्हाचेच होते. तिसऱ्या दिवशी सोडियम 134 झालं, घरी पाठवलं.

सोडियम सुधारलं, आप्पा नाही सुधारले.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी विचारलं, "माल निंघला का रे?" मी म्हणलं हो आप्पा, परवाच कापणी झाली, गाडी भरून गेली. बरं म्हणाले. दहा मिनिटांनी परत, "माल निंघला का रे?" त्या दिवशी मी मोजलं नाही पण पन्नासच्या वर झालं असेल. आधी हसलो, मग चिडलो, मग घाबरलो. आठ दिवसांत मायवर संशय घ्यायला लागले, ताटातली भाजी वाटीत काढून मला वास घ्यायला लावायचे, यात फवारणीचं औषध टाकलंय म्हणून. झोप उडाली. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मळ्यात निघालेले मी दोनदा फाट्यावरून परत आणलेत. आत्या म्हणाली बाहेरचं आहे, भगताकडे नेलं, लिंबू नारळ उतरवून झाले. कोणी म्हणालं म्हातारचळ, कोणी म्हणालं टेन्शन, केळीचे भाव पडलेत ना. एका ठिकाणी डोकं शांत करायच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी नुसते झिंगले. असे एकोणीस दिवस घालवले. मग माझा एक गिऱ्हाईक आहे, त्याने या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

आता रिव्ह्यू सुरू.

ओपीडी. गर्दी भयंकर, टोकन नंबर 64, बसायला खुर्ची नाही, पंखा होता पण फिरतो कमी आणि आवाज जास्त. साडेतीन तास. पण आत गेल्यावर न्यूरोवाल्या सरांनी आम्हाला चाळीस मिनिटं दिली आणि बाहेर 65 नंबरवाला दार वाजवत होता तरी उठवलं नाही. त्यांनी आप्पांना तीन शब्द सांगितले, केळ, कुलूप, घंटा, लक्षात ठेवा काका मी परत विचारणार. मग गप्पा मारल्या, गाव कोणतं, बाग किती, पहिली मोटार कधी बसवली. आप्पा एकदम फॉर्मात, विहिरीला पाणी कोणत्या साली लागलं, तेव्हा क्विंटलला काय भाव होता, सगळं धडाधड. मला वाटलं अरे हे तर बरे झाले. पाच मिनिटांनी सरांनी विचारलं ते तीन शब्द सांगा. आप्पा म्हणाले, "कोनते शब्द?" शब्द विसरले असते तर वेगळं, पण आपल्याला कोणी काही सांगितलं होतं हेच पुसलं गेलं होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. सरांनी फक्त एक विचारलं, बिडी? मी म्हणलं दहा वर्ष झाली सोडून. आधी किती? मी म्हणलं दिवसाला बंडल, तीस वर्ष. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून खाली रेघ मारली. त्या रेघेचा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला.

अॅडमिट केलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूला कानाच्या वरच्या भागात आतमध्ये पांढरट सूज दिसली, आठवण साठवायची जागा तीच म्हणे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. आधी नागीण जातीच्या व्हायरसने मेंदूला ताप येतो तो आहे का बघायचं होतं, रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून त्याचं औषध शिरेतून लगेच चालू केलं. ते निगेटिव्ह आलं तेव्हा बंद. पाण्याचा आणि रक्ताचा दुसरा नमुना मुंबईला पाठवला, अँटिबॉडीच्या, म्हणजे शरीराची फौज जी हत्यारं सोडते त्यांच्या तपासणीला. नऊ दिवस लागले रिपोर्टला, आणि ते नऊ दिवस सर रिपोर्टची वाट बघत बसले नाहीत हे मला इथं ठळक सांगायचंय.

आता माझ्या भांडणाचं सांगतो. चौथ्या दिवशी काउंटरवरून फोन, छातीचा सीटी करायचाय पैसे भरा. मी खवळलो. मेंदूच्या दवाखान्यात छातीचा सीटी कशाला? खोकला नाही, दम लागत नाही, वजन घटलेलं नाही, छातीचा एक्स-रे दोन दिवसापूर्वी तुम्हीच काढला आणि तोपण क्लीन. मी काउंटरवर मोठ्याने म्हणलं, हा बिल वाढवायचा धंदा आहे, शेतकरी दिसला की कापता तुम्ही. आजूबाजूचे लोक मान डोलवत होते, मला अजून चेव चढला. काउंटरवरच्या मुलीने एका शब्दाने समजावलं नाही, "सरांनी लिहिलंय" एवढंच तीनदा. मी सही न करता खाली टपरीवर गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मी आप्पांना डिस्चार्ज घेऊन घरी नेणार होतो, भाच्याला गाडी घेऊन ये म्हणून फोनपण लावला होता.

संध्याकाळी राउंडला सर आले, त्यांना कळलं होतं बहुतेक. चिडले नाहीत. म्हणाले तुमचा धंदा काय? म्हणलं कृषी केंद्र. मग म्हणाले, शेजारी कोणी टू-फोर-डी मारलं तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या कपाशीचं काय होतं? म्हणलं पानं आवळतात, भेंडीसारखी होतात, पीक वाया. त्याने मारलं कशावर? तणावर. कपाशीशी त्याचं वैर होतं का? नाही, वाफारा आला. मग म्हणाले बाबांच्या अंगात तसंच काहीतरी झालं असावं. फुप्फुसातल्या एका जातीच्या कॅन्सरची पेशी अंगावर असं प्रोटीन घेऊन बसते जे मेंदूच्या पेशीवरपण असतं. शरीराची फौज त्या गाठीवर औषध मारायला निघते आणि वाफारा मेंदूवर जातो. फौज गाठीला दाबून धरते म्हणून गाठ बऱ्याचदा बारीकच राहते, खोकला नाही की दम नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि माणूस वेड्यासारखा वागायला लागल्यावर मग कित्येक महिन्यांनी कॅन्सर सापडतो. बिडीवाल्या साठीच्या माणसाला दोन्हीकडे अशी सूज आली, फिट आली, सोडियमपण खाली, तर छाती बघितल्याशिवाय मला झोप येणार नाही. सोडियम का खाली तर ही गाठच असं द्रव्य सोडू शकते ज्याने अंगातलं पाणी वाढतं आणि मीठ पातळ होतं. म्हणजे ज्याला आम्ही ऊन समजलो ती गाठीची पहिली खूण होती, आम्हाला दिसली नाही. पहिल्या डॉक्टरला मी दोष देत नाही, मेच्या महिन्यात रावेर तालुक्यात कोणीही तेच म्हणलं असतं.

सीटीमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी, दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत, सुजलेल्या गाठी सापडल्या. मोठी म्हणावी अशी नाहीच, सुपारीएवढी. पाचव्या दिवशी मी काउंटरवर जाऊन त्या मुलीला सॉरी म्हणलो, तिला आठवतच नव्हतं कशाबद्दल.

अँटिबॉडीचा रिपोर्ट आला तो गाबा-बी रिसेप्टरचा, म्हणजे मेंदूच्या पेशीवरच्या त्या प्रोटीनचं नाव. हा आजार डॉक्टर लोकांनी 2010 मध्ये पहिल्यांदा ओळखला म्हणजे विचार करा किती नवा आहे, आणि तो झालेल्या साधारण निम्म्या लोकांमध्ये हा स्मॉल सेल जातीचा फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. सर म्हणाले यात तुमचं नशीब बरं, कारण अशीच लक्षणं देणारी दुसरी एक अँटिबॉडी आहे, हू नावाची, तिच्यात मेंदूच्या पेशी मरतातच, औषधाने फार तर आहे तिथं थांबवता येतं. ही पेशीला बाहेरून चिकटते, पेशी मेलेली नाही, तिचं तोंड दाबून धरलंय, ते सोडवता येतं. रात्री कॉरिडॉरमध्ये बसून मी मोबाइलवर खूप वाचलं. तरण्या मुलींमध्ये याचा चुलत भाऊ असतो, 2007 मध्ये दालमाऊ नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी दाखवून दिला, त्यात बऱ्याच जणींना अंडाशयात गाठ असते, कॅन्सर नसते बहुतेक वेळा, पण तिच्यात केस, दात आणि मेंदूसारखा भागसुद्धा सापडतो. मुलगी एकाएकी बडबडायला लागते, ओरडते, तोंड वेडंवाकडं करते, झटके येतात. ती गाठ काढून औषधं दिली तर बहुतेक जणी उठून बसतात. आमच्याकडे अंगात आलं, झपाटलं म्हणून किती पोरी बांधून ठेवल्या असतील देव जाणे. पोटाची सोनोग्राफी कोण करतं.

उपचार. रिपोर्टची वाट न बघता एक ग्रॅमचं स्टेरॉइड शिरेतून पाच दिवस. त्याने शुगर 380 ला गेली, इन्सुलिन चालू. मग आयव्हीआयजी, म्हणजे हजारो लोकांच्या रक्तातून काढलेल्या चांगल्या अँटिबॉडी, थंड बाटल्या, अगदी थेंब थेंब सोडायच्या. वजनावर हिशोब असतो, आप्पा 58 किलोचे, रोज पाच बाटल्या, पाच दिवस, पंचवीस बाटल्या. आणि इथं माझा अर्धा स्टार कापला गेला. या पंचवीस बाटल्यांचे सव्वातीन लाख होणार हे मला संध्याकाळी सात वाजता सांगितलं आणि पहिली बाटली रात्री नऊला लावायची होती. सकाळी राउंडला ठरलेलं होतं ना, मग दुपारी बारालाच सांगायला काय जात होतं? बँक बंद, सोसायटी बंद, मी दुकानाचा खताचा पैसा उचलला, कंपनीच्या माणसाच्या हातापाया पडलो. औषध हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या असा आग्रह, बाहेरून आणलं तर जबाबदारी आमची नाही. मेडिक्लेमवाल्यांनी वेगळाच सूर लावला, हा मानसिक आजार आहे का म्हणून क्वेरी काढली, सरांनी स्वतः बसून दोन पानी पत्र लिहिलं तेव्हा कुठे काही रक्कम सुटली. पत्राचे पैसे घेतले नाहीत.

उरलेला अर्धा स्टार रात्रीच्या स्टाफमुळे. सहाव्या रात्री मी दोन तास बाहेर झोपलो, परत आलो तर आप्पांचे दोन्ही हात पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधलेले. सलाइन ओढत होते म्हणे. असेल, ओढत असतील, मला समजतं, दोन सिस्टर आणि चौदा पेशंट. पण मला उठवायला काय झालं होतं, मी दारापासून दहा पावलांवर होतो. आप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मालक, मले सोडा, माह्या पोराले फोन लावा." पोराला मालक म्हणत होते. मी पट्टी सोडली आणि सकाळपर्यंत हात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने ऐकून घेतलं, आणि पुढच्या रात्रीपासून एका मावशींना पायाशी बसवलं. मावशी चोपड्याकडच्या, त्या रात्रभर आप्पांशी केळीवर बोलायच्या, माल निंघला का म्हणलं की "निंघला ना भाऊ, आत्ताच गाडी गेली" असं दर वेळी नव्याने, एकदाही कंटाळून नाही. मला जे घरी जमलं नव्हतं ते. त्या मावशींना दहा स्टार.

पेट स्कॅन, म्हणजे अंगात अजून कुठं कॅन्सर आहे का ते बघायचा स्कॅन, इथं झाला नाही, नाशिकला पाठवलं. धुळे, मालेगाव करत अॅम्ब्युलन्समधून पाच तास. हा भाग कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, सहा तास उपाशी ठेवायचं असतं आणि स्टेरॉइडवर असेल तर शुगर बघून घ्या. आमची 260 निघाली, त्यांनी सांगितलं 200 च्या खाली आल्याशिवाय इंजेक्शन नाही, कारण ते इंजेक्शनच साखरेचं असतं, गाठ ती साखर ओढते आणि चमकते, रक्तात आधीच साखर जास्त असली तर चित्र धड येत नाही. दुपारी तीनपर्यंत बसलो. इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत न बोलता न हलता पडून राहायचं. आता ज्या माणसाला दोन मिनिटांपूर्वीचं आठवत नाही त्याला गप्प पडायला कसं सांगणार? दर दोन मिनिटांनी उठायचे, "गेट उघडा भो, गाडी आली." शेवटी टेक्निशियनने एका कागदावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, आप्पा पडून राहा, गाडी यायला वेळ आहे, आणि तो समोरच्या भिंतीला चिकटवला. उठले की वाचायचे, परत आडवे व्हायचे. पन्नास मिनिटं अशी काढली. स्कॅननंतर काही तास लहान पोरं आणि गरोदर बाईपासून लांब ठेवा म्हणाले, माझी बहीण सातव्या महिन्यात होती, ती बिचारी दोन तास खाली चहाच्या गाडीवर उभी.

छातीतल्या गाठी सोडून बाकी कुठं काही चमकलं नाही. दुर्बिणीतून तुकडा काढला, स्मॉल सेल निघाला. दर 21 दिवसांनी केमो, छातीला लाइट म्हणजे रेडिएशन, ते सगळं दुसरीकडे झालं म्हणून त्याचा रिव्ह्यू इथं लिहीत नाही. एवढं सांगतो, न्यूरोच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मुळावर घाव घातल्याशिवाय मेंदूची औषधं टिकणार नाहीत, आग विझवून चूल पेटती ठेवल्यासारखं आहे. आणि हेही सांगितलं की हा कॅन्सर औषधाला लवकर दबतो आणि परत उठायची खोडपण त्याला आहे. खोटा धीर दिला नाही. ज्यांच्या स्कॅनमध्ये काही सापडत नाही त्यांना दर चार-सहा महिन्यांनी, निदान दोन वर्ष तरी, परत बघायला लावतात, कोणाला असं सांगितलं तर माझ्यासारखं काउंटरवर भांडू नका.

बाकी किरकोळ. लिफ्ट एकच, तिच्यात स्ट्रेचर आडवं जात नाही, तिरपं करावं लागतं. कँटीनची शेवभाजी पाणचट, खान्देशात राहून शेवभाजी बिघडवायला वेगळंच कसब लागतं, समोरच्या गल्लीत कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळतो तिथं जा. नातेवाइकांना झोपायला सतरंजी स्वतःची. बाथरूम पहाटे साफ, दुपारनंतर बघू नका. कॉरिडॉरमध्ये चार्जिंगचे चार पॉइंट दिसतात, चालतो एकच, देवाच्या फोटोखालचा.

आता आठ महिने झाले. फिट परत आली नाही. माणसं ओळखतात, बागेत जातात, मजूर लावतात, भावावरून व्यापाऱ्याशी भांडतात. नवं मात्र सगळं राहत नाही, म्हणून खिशात एक लाल वही, कोणाला किती दिले, आज काय खाल्लं, सगळं लिहितात. ते दीड-दोन महिने तर डोक्यातून गेलेच. मागच्या सोमवारी फॉलोअपला नेलं तेव्हा दारात उभे राहून सगळीकडे बघत म्हणाले, "दवाखाना चांगला दिसते रे. इथी आपलं कोन भरती व्हतं?" मी म्हणलं तुम्हीच आप्पा. त्यांनी वही काढली, तारीख टाकली आणि ते लिहून घेतलं. मग आत सरांनी तीन शब्द दिले, दोन सांगितले, तिसरा राहिला. सर म्हणाले दोन खूप झाले.

जायचं असेल तर सकाळी साडेसातच्या आत टोकन घ्या, ऑनलाइनवाल्या नंबरचा काही उपयोग नाही, तिथं विचारत पण नाहीत. जुने सगळे रिपोर्ट न्या, फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असेल तर तो नक्की दाखवा, सर रिपोर्टच्या आधी तोच मागतात. आणि पैसे किती लागणार ते सकाळच्या राउंडलाच तोंडाने विचारून घ्या, संध्याकाळच्या फोनची वाट बघू नका.